पिवळी आणि लाल एकाच गाठीत

गणपतीच्या तोंडावर कुडाळला आमच्या वर्कशॉपमध्ये तारकर्लीची एक सात-आसनी डिझेल गाडी आली. पर्यटकांना फिरवणारी. "भाऊ, दोन रात्री गाडी उभी ऱ्हवली तर सकाळी चालूच होणा नाय," ही मालकांची मुख्य तक्रार. शिवाय रिव्हर्स कॅमेऱ्याच्या चित्रात रेषा सरकत होत्या. आणि कोल्हापूरला जाताना करूळ घाट चढून गगनबावडा आलं, तरी नकाशावरचा बाण वैभववाडीतच उभा! अँड्रॉइड स्टिरिओ दुसरीकडे बसवलेला होता. तिथे त्यांना सेटच बदलायला सांगितलं होतं. सेट खोलण्याआधी वायरिंग तपासायचं, हा आमचा नियम.

सुरुवात बॅटरीपासून केली. निगेटिव्ह टर्मिनल सोडून मल्टिमीटर 10 अँपिअरच्या रेंजवर मधे जोडला. अशा वेळी चावी फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज उडतो. दारं लॉक करून वीसेक मिनिटं थांबलो, कारण गाडीतली मॉड्यूल्स (छोटे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल) झोपेपर्यंत आकडा खरा येत नाही. बंद गाडीत 50 मिलिअँपिअरच्या आत करंट वाहिला तर चालतो. इथे 0.7 अँपिअर स्थिर! दोन दिवसांत 34 अँपिअर-आवर, म्हणजे 65 अँपिअर-आवरच्या बॅटरीतली निम्मी ताकद. हीटर प्लग तापवून डिझेल इंजिन फिरवायला मग उरतं काय? ऑडिओचा फ्यूज काढला तसा आकडा 30 मिलिअँपिअरवर आला.

स्टिरिओ बाहेर ओढला आणि मागचा गुंता दिसला. कंपनीचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, कापून टाकलेला. पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून वर काळी टेप. पिवळी म्हणजे बॅटरीचा कायमचा सप्लाय, सेटिंग जपणारा. लाल म्हणजे चावीवरचा, सेटला जागं करणारा आणि झोपवणारा. दोन्ही एकत्र जोडल्या की बटण दाबून स्क्रीन काळी होते, आत सेट जागाच राहतो. मालकांना विचारलं तर उलगडा झाला: किनाऱ्यावर चावी न लावता गाणी वाजावीत, म्हणून तसं करून घेतलं होतं.

टेप सोलली तर आतला डिंक वितळून चिकट काळा झालेला आणि तांब्याच्या तारा हिरव्या. कापून बघितलं तर इन्सुलेशनच्या आतही तीन-चार सेंटिमीटर हिरवटपणा चढलेला. खाऱ्या हवेत उघडा पीळ असाच सडतो. सडलेली तार सोल्डर धरत नाही, म्हणून लख्ख तांबं लागेपर्यंत मागे कापत गेलो. त्या मॉडेलचा तयार हार्नेस (प्लगसकट वायरींचा जुडगा) मागवून कंपनीचा कपलर पुन्हा उभा केला. प्रत्येक जोड सोल्डर करून वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी. साधी स्लीव्ह दमट हवा अडवत नाही. लाल वायर चावीवरच्या लाइनला दिली. चावी बंद असताना तिथे शून्य व्होल्ट येतात हे मीटरने बघूनच. पिवळीत सप्लायच्या बाजूला 15 अँपिअरचा फ्यूज घातला. आधी तो नव्हताच, याची मला खरोखर धास्ती वाटली. अशी वायर कुठे घासून बॉडीला टेकली की डॅशबोर्डच्या आत आग लागते.

कॅमेऱ्यातल्या रेषांचं मूळ अर्थिंगमध्ये, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेल्या निगेटिव्ह वायरीत होतं. काळी वायर रंगवलेल्या पट्टीवर स्क्रूने आवळलेली आणि स्क्रू गंजलेला. आवाज मोठा करून सेटची अर्थ आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात मोजलं तर 0.8 व्होल्ट, 0.1 च्या आत हवा. कॅमेऱ्याची अर्थ मागच्या बॉडीला होती, म्हणून हा फरक थेट चित्रात उतरत होता. डॅशबोर्डखालच्या लोखंडी बीमवर रंग खरवडून, रिंग टर्मिनल बोल्टने आवळून वर ग्रीस लावलं, आणि कॅमेऱ्याची अर्थही तिथेच आणली. मागच्या दाराच्या रबरी नळीत वायर शिरते तिथे तिला खाली झोळ ठेवला. आपल्याकडच्या पावसात पाणी वायर धरून आत येतं; झोळ असला की ते खालीच ठिबकतं.

जीपीएसचा अँटेना सेटच्या मागेच, त्या लोखंडी बीमखाली कोंबलेला होता. जागा ठरवायला किमान चार उपग्रह लागतात. तिथे तीनच, तेही अशक्त. सपाट रस्त्यावर मोबाइल नेटवर्कवरून अंदाज निघत होता, घाटात तोही गेला. अँटेना काचेजवळ डाव्या कोपऱ्यात चुंबकाची बाजू खाली ठेवून आडवा बसवला, डॅशकॅमपासून हातभर लांब, कारण स्वस्त डॅशकॅम या सिग्नलमध्ये गोंगाट घालतात. आता दहाच्या वर उपग्रह आले. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण नकाशाच्या चित्राला लागतं. म्हणून सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरचा नकाशा ऑफलाइन उतरवून दिला.

शेवटी पुन्हा मीटर लावला, वीस मिनिटं थांबलो: 32 मिलिअँपिअर. किनाऱ्यावरच्या गाण्यांसाठी चावी पहिल्या खाचेवर ठेवायला सांगितलं, आणि तासाभराने इंजिन थोडा वेळ चालू करायला.