सोनेरी म्हणायचं नाही

फोनवरच तिने अट घातली. "ताई, 'सोनेरी रंग येईपर्यंत परता' आणि 'कडा तांबूस झाल्या की उलटा', ही दोन वाक्यं सोडून शिकवाल का? मला त्यांचा काही उपयोग नाही."

मी लोकांच्या घरी जाऊन स्वयंपाक शिकवते. लग्न ठरलेल्या मुली, शिकायला परदेशी निघालेली मुलं, बायको गेल्यावर आयुष्यात पहिल्यांदा गॅस पेटवणारे आजोबा, असे माझे विद्यार्थी. शिकवायचं ते त्यांच्याच ओट्यावर आणि त्यांच्याच भांड्यांत, कारण माझ्या तव्यावर जमलेलं त्यांच्या तव्यावर जमेलच असं नाही. पण जिला अजिबात दिसत नाही अशी विद्यार्थिनी मला आजवर मिळाली नव्हती. तिशीच्या आतली, बँकेत नोकरीला, दहिसरहून वांद्र्यापर्यंत रोज लोकलच्या दिव्यांग डब्यातून एकटी जाणारी. घरात ती आणि आई. आईने तिला चहापलीकडे गॅसजवळ येऊ दिलं नव्हतं.

तिला शिकायचे होते कॉर्न केक. नावात केक असला तरी ते गोड नसतात. मक्याच्या दाण्यांच्या खाऱ्या, जाडसर टिक्क्या, तव्यावर थोड्या तेलात भाजलेल्या, आणि पोटात शेळीच्या दुधाचं चीज. मका मूळचा मेक्सिकोचा. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी एका रानगवतापासून तो घडवला. मक्याच्या अशा भाकऱ्या-टिक्क्या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या चुलीवर युरोपचे लोक तिथे पोचण्याआधीपासून होत आल्या आहेत. शेळीच्या चीजचं नाव निघालं की मात्र फ्रान्स आठवतो, तिथल्या ल्वार नदीचं खोरं त्यासाठी प्रसिद्ध आहे. हिने हा पदार्थ ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या घरी खाल्ला होता. त्या मैत्रिणीची आता पुण्याला बदली झाली होती आणि निरोपाच्या दिवशी तिला तोच पदार्थ स्वतः करून न्यायचा होता. "विकत आणलेला नको, आईने केलेला पण नको," असं तिने बजावून सांगितलं.

श्रावणातली दुपार होती, बाहेर पाऊस धरलेला. दार तिनेच उघडलं. स्वयंपाकघरात नेऊन मला सगळं दाखवलं: मिसळणाच्या डब्यातला क्रम, भिंतीकडून मोजून ठेवलेल्या बरण्या, प्रत्येक झाकणावर चिकटवलेली ब्रेलची पट्टी. आपल्या सगळ्या भाषांसाठीचं भारती ब्रेल १९५१ साली ठरलं, ही माहिती मला तिच्या हळदीच्या बरणीपाशी मिळाली. मग म्हणाली, "एकच सांगते ताई. ठेवलेली वस्तू मला न सांगता हलवायची नाही." शिकवणारीने पहिला नियम विद्यार्थिनीकडून घ्यावा हे मला आवडलं.

चीजपासून सुरुवात केली. मुंबईत मोठ्या दुकानांत शेळीचं चीज मिळतं, पण महाग, आणि मला तिच्या हातून ते व्हायला हवं होतं. दूध जोगेश्वरीच्या एका ओळखीच्या शेळीवाल्याकडून आणलं. पावसाळ्यात हे दूध मिळवणं जिकिरीचं असतं. डेंग्यूची साथ आली की शेळीच्या दुधाने प्लेटलेट वाढतात म्हणून लोक त्याच्या मागे लागतात. त्याला ठोस वैद्यकीय पुरावा नाही, भाव मात्र चढतो. हे दूध कच्चं कधीच वापरू नये, त्यातून ब्रुसेलोसिससारखा ताप येऊ शकतो. दूध तापवताना ते वर आलेलं दिसणार कसं, हा प्रश्न माझ्या आजीने फार पूर्वी सोडवून ठेवला होता. भांड्याच्या तळाशी लहानशी बशी पालथी टाकायची. खाली वाफ साठू लागली की ती खडखडते. बशी वाजली तशी तिने गॅस बंद केला, भांड्याच्या कडेने पळी आत सोडली आणि मी सांगितल्याप्रमाणे लिंबाचा रस चमच्या-चमच्याने घातला.

"फाटलं," तीच म्हणाली. "पळीला कण लागतायत."

शेळीच्या दुधाचे कण गाई-म्हशीच्या दुधापेक्षा मऊ आणि बारीक येतात. दही घट्ट धरणाऱ्या केसिन या प्रथिनाचा एक प्रकार या दुधात कमी असतो, त्यामुळे पनीरसारखा कणखर गोळा होत नाही. म्हणून फडकं दाट विणीचं घ्यावं लागतं, आणि दाबायचं नाही, नुसतं टांगायचं. तासाभराने तिने पुरचुंडी सोडली, मीठ घालून तळहाताने मळलं, वास घेतला आणि थांबली. "हाच. तिच्या घरी हाच वास होता." कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक अशी काही स्निग्धाम्लं या दुधात भरपूर असतात. अनेकांना तो वास नको वाटतो. ती त्याच वासासाठी एवढा खटाटोप करत होती.

अजून एक गोष्ट मी तिला मुद्दाम सांगितली: हे चीज वितळत नाही. आंबटाने जमवलेल्या चीजमधलं कॅल्शियम पाण्याबरोबर बरंच निघून जातं आणि पनीरसारखंच ते तापलं तरी आकार धरून राहतं. म्हणजे तार निघण्याची वाट पाहायची नाही. बोराएवढ्या गोळ्या करून तिने त्या फ्रीजमध्ये ठेवल्या.

मका सोलायला ती बसली तेव्हा मला शिकवण्यासारखं काही उरलं नाही. एक ओळ नखाने काढायची आणि बाकीच्या अंगठ्याने त्या रिकाम्या जागेत पाडायच्या. एकही दाणा अर्धा तुटला नाही. बाजारात हल्ली मिळतो तो बहुतेक अमेरिकन मका. त्यात साखर जास्त, पिठूळपणा कमी, त्यामुळे मिश्रण सैल होतं. समुद्रावर निखाऱ्यांवर भाजतात तो देशी पांढरा मका जास्त धरून राहतो, पण तो कोवळाच हवा, निबर झाला की टिक्क्या चामट होतात. आम्ही अमेरिकनच घेतला, कारण स्टेशनबाहेर तिला रोज तोच मिळणार होता.

इथे मी सगळ्यात जास्त सावध होते. अख्खा दाणा गरम तेलात गेला की सालीच्या आत वाफ कोंडते आणि दाणा फुटून तेल उडतं. डोळस माणूस मागे सरतो, तिला मागे सरायची सूचनाच मिळणार नाही. म्हणून सगळे दाणे मिक्सरमध्ये दोनदा नुसते फिरवून घेतले. पीठ करायचं नव्हतं, प्रत्येक दाण्याची साल फाटली की पुरे. मग तिने मिश्रणात बोटं घालून अख्खे राहिलेले दाणे शोधले आणि एकेक चिरडला. मी पाहून शोधले असते त्यापेक्षा कितीतरी जास्त दाणे तिला हाताने सापडले.

चार कणसांना अर्धी वाटी मक्याचं पीठ, पाव वाटी बेसन, दोन चमचे तांदळाची पिठी. आईचा श्रावण असल्यामुळे अंडं नाही, बांधून ठेवायचं काम बेसनाचं. शिवाय कांद्याची पात, मिरची, जिरं, कोथिंबीर. पिठाच्या वेळी तिने दोन पुड्या पुढे केल्या, दोन्ही दुकानातून मक्याच्या म्हणून आलेल्या. या एका गोष्टीने अनेकांचे कॉर्न केक बिघडलेले मी पाहिले आहेत. कॉर्नफ्लोर म्हणून आपल्याकडे जे मिळतं ते मक्याचं सत्त्व असतं, पीठ नव्हे. मी सांगायच्या आत तिने दोन्हींतली चिमूट बोटांत चोळली. "ही करकरते. ही रवाळ आहे आणि हिला मक्याचा वास आहे." करकरतं ते सत्त्व. पांढऱ्या आणि पिवळ्या रंगापलीकडे यांना ओळखण्याची खूण मी कुणाला दिली नव्हती, आता देते.

टिक्की भरताना चीज सगळीकडून झाकलं जायला हवं. उघडं राहून तव्याला लागलं तर चिकटतं आणि करपतं. तिने तळहातावर मिश्रण पसरलं, गोळी ठेवली, वर मिश्रण लावलं आणि कडेने बोट फिरवून खात्री केली.

आई तोवर दारात येऊन उभी राहिली होती. गॅस पेटला तसा त्यांचा श्वास मला ऐकू आला, म्हणजे लेकीला त्याआधीच आला असणार. "आई, तू हॉलमध्ये बस," ती शांतपणे म्हणाली. "तू घाबरलीस की माझं लक्ष तुझ्याकडे जातं." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "काकू, मी इथेच आहे." त्या गेल्या, पण टीव्ही लावला नाही.

बिडाचा तवा, तीन चमचे तेल. तेल तापलं का ते पाहायला मिश्रणाचा एक थेंब. घड्याळाचा काटा धरून चार जागा ठरवल्या: बारा, तीन, सहा, नऊ. ज्या क्रमाने ठेवायच्या त्याच क्रमाने उलटायच्या. डाव्या हातात एक उलथनं, उजव्या हातात दुसरं. पहिली टिक्की बाराच्या जागी गेली, मोठ्ठा चर्र झाला. मग तीन, सहा, नऊ. आम्ही दोघी गप्प.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "ताई, आवाज बारीक का झाला? गॅस कमी केलात?"

गॅसला मी हात लावला नव्हता. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि देता देताच माझ्या लक्षात आलं की हेच ते, जे मी या मुलीला कसं सांगायचं म्हणून चार रात्री डोकं खाजवत होते. तव्यावरचा आवाज तेलाचा नसतोच, तो पाण्याचा असतो. टिक्कीतलं पाणी तव्याला भिडून वाफ होतं, त्याचा तो चर्र. आणि जोवर पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. रंग येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे, साखर आणि प्रथिनं एकमेकांशी भिडतात तेव्हा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिल मायार यांनी १९१२ साली ही प्रक्रिया मांडली. म्हणजे पाणी संपत आल्याशिवाय रंग नाही, आणि पाणी संपत आलं की आवाज उतरतो. मी इतकी वर्षं जे डोळ्यांनी पाहत होते त्याची वर्दी त्याच्या आधी कानावर येऊन गेलेली असायची.

हे सगळं मी तिला भरभर सांगितलं. ती म्हणाली, "मग अजून थांबू. अजून वास उकडलेल्या मक्याचाच येतोय."

तेही अगदी खरं होतं. उकडलेल्या मक्याचा जो ओळखीचा वास, त्यातलं मुख्य द्रव्य डायमिथाइल सल्फाइड. भाजणं सुरू झालं की त्याच्यावर खमंग, लाह्यांकडे झुकणारा वास चढतो. आम्ही त्याची वाट पाहिली. आवाज तुटक झाला, वास फिरला. तिने उलथनं बाराच्या टिक्कीखाली नुसतं टेकवून हलकेच ढकललं आणि टिक्की सरकली. कवच तयार झालं की टिक्की तव्याला आपोआप सोडते, चिकटून बसली असेल तर तिची वेळ झालेली नसते. दुसऱ्या उलथन्याचा आधार देऊन तिने ती उलटली. पुन्हा चर्र, कारण दुसऱ्या बाजूचं पाणी.

रंग कसा होता हे तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. हॉलमधून आवाज आला, "झालं बघ, आता काढ ती!" आई तिकडून ऐकत होत्या. त्यांना पाण्याचं नि १४० अंशांचं काही सांगायची गरज नव्हती. मोहरी तडतडली की, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की, फोडणीचा जोर ओसरला की, असाच त्यांचा जन्मभराचा स्वयंपाक. एवढं सगळं कानाने करणाऱ्या बाईला लेकीच्या हाती गॅस द्यायची मात्र भीती वाटत होती, आणि ती मी समजू शकते. भाजल्याची खूण माझ्याही हातावर आहे.

सहाच्या जागेवरची टिक्की फुटली. उलटताना मिश्रण सुटलं, चीज बाहेर येऊन तव्याला लागलं आणि दूध करपल्याचा वास सुटला. तिने लगेच ती उलथन्याने खरवडून काढली, तवा पुसायला मागितला. पुढच्या घाण्यात त्या मिश्रणात एक चमचा बेसन जास्त घातलं. मी सुचवलं नव्हतं.

गरम टिक्क्या डब्यात भरायच्या नाहीत, जाळीवर ठेवायच्या. आतली वाफ कोंडली की कवच मऊ पडतं. बँकेत नेताना डब्याचं झाकण किलकिलं ठेवायचं आणि तिथे मायक्रोवेव्हऐवजी पँट्रीतल्या टोस्टरवर गरम करायच्या, हे आम्ही ठरवून ठेवलं. तिने सगळी कृती फोनवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केली. बशी खडखडेपर्यंत दूध, करकरत नाही ते पीठ, वास फिरेपर्यंत तवा. रेकॉर्डिंगमध्ये मागे टिक्क्यांचा चर्र पण येऊ दिला, सुरुवातीचा वेगळा, शेवटचा वेगळा.

आईने दोन खाल्ल्या. चीज त्यांना आवडलं नाही, स्पष्ट सांगितलं. मक्याचा भाग मात्र "आपल्या वड्यांपेक्षा बरा" म्हणाल्या आणि संध्याकाळचा चहा लेकीने करावा असं आपण होऊन सुचवलं.

निरोपाचा दिवस झाल्यावर तिचा फोन आला. डबा रिकामा झाला, मैत्रीण रडली, हे सगळं दोन वाक्यांत आटपलं. मग म्हणाली, "ताई, श्रावण संपला की बोंबील. तळलेले. त्यांचा आवाज कसा असतो?"

मला सांगता आलं नाही. बोंबलात पाणी मक्यापेक्षाही जास्त, दाबून ठेवल्याशिवाय रवा धरत नाही. माझ्या घरी श्रावण पाळत नाहीत, म्हणून सध्या दाबलेले आणि न दाबलेले, दोन्ही तळून ऐकतेय.