मोजून चापा

रश्श्याचं एक बरं असतं. ऐनवेळी दोन माणसं वाढली तर तांब्याभर आधणाचं पाणी ओतायचं, वरून चमचाभर काळा मसाला. कुणाला कळत नाही, कळलं तरी कुणी बोलत नाही. चापांना, म्हणजे फासळीच्या हाडासकट कापलेल्या तुकड्यांना, ही सोय नाही. मेंढीला फासळ्यांच्या 13 जोड्या. त्यातून ताटात मिरवाव्यात अशा चापा निघून निघून किती निघणार? आणि खाटकाकडे माझ्या पुढे उभी असलेली चार माणसंही नेमक्या त्याच मागत असतात.

माझं माहेर बोकडाचं, सासर बोल्हाईचं. पुण्याजवळच्या वाडेबोल्हाईची देवी ज्यांची, त्यांच्या घरात शेळी-बोकड चालत नाही. खायचं तर मेंढीचं. म्हणून पुण्याकडे दुकानांच्या पाट्यांवर 'बोल्हाईचे मटण' असं ठळक लिहिलेलं असतं. नवी नवरी असताना मला ते दुकानदाराच्या आईचं नाव वाटलं होतं! मेंढीला चरबी जास्त, वासही जरा उग्र. ताट निवलं की कडेला पांढरी चरबी थिजते. त्यामुळे 'गरम आहे तोवर बसा' ही आमच्याकडे विनंती नसते, तंबी असते.

तर मागच्या रविवारी लेकीने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. जाड तव्यावर लोणी, कसलासा काड्याकाड्यांचा पाला, आणि चापा. या बाजूने तीन मिनिटं, त्या बाजूने तीन मिनिटं, झालं जेवण. मी भुलले. लोणी चुरचुरलं, रंगही झकास आला. लेकीने एक चाप उचलली, चावली, पुन्हा चावली आणि न बोलता ताटलीत ठेवून दिली.

व्हिडिओतली तिकडची चाप वर्षाच्या आतल्या कोकराची. शिवाय कापल्यावर ते मटण काही दिवस थंडीत ठेवतात, तेवढ्यात ते आपोआप मऊ पडतं. माझं सकाळी सातला कापलेलं आणि बाराला तव्यावर. कापल्यानंतर काही तास मांस ताठरलेलं असतं; त्या ताठ्यापुढे तीन मिनिटांची काय मिजास! आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात उभ्या होत्या. "कुकर काढ," एवढंच म्हणाल्या.

चाखलेल्या चापेसकट सगळ्या कुकरात गेल्या. आलं-लसूण, हळद, मीठ, चार शिट्ट्या. वरचं अळणी, म्हणजे बिनतिखटाचं, पाणी पोरांना वाट्यांतून दिलं. मग कांदा-खोबऱ्याचं वाटण तेलात परतून, त्यात चापा घोळवून पुन्हा तव्यावर, कडा काळसर होईपर्यंत. पाल्याची आठवण कुणालाच झाली नाही.

चापा 14, माणसं 7. हिशेब चोख होता. तेवढ्यात नणंद आणि तिचे यजमान दारात. मनातल्या मनात मी माझ्या दोन वजा केल्या, लेकीची चाखलेली एक तिलाच ठेवली. आत्याबाई म्हणाल्या, "मला नको गं, दात कुठे राहिलेत आता." मला भरून आलं. वाढायला घेतल्या तर 13च. पातेलं पाहिलं, तवा पाहिला, लेकीकडे पाहिलं. मुकाट्याने वाढलं.

रात्री ओटा पुसताना मिक्सरच्या मागे एक हाड सापडलं. लख्ख चोखलेलं, नळीपर्यंत साफ. मी काही विचारायच्या आतच आतल्या खोलीतून आवाज आला, "मीठ बघितलं होतं फक्त."