ठसका न लागलेला घोट

"ताई, आज चहाला ठसका नाही लागला. सुधारतंय ना?" रुग्णाच्या पत्नीने विचारलं तेव्हा मी त्यांच्या हातातला कप आधी बाजूला ठेवला. 54 वर्षांच्या त्या गृहस्थांना स्ट्रोक येऊन तीन दिवस झाले होते. हातापायांत ताकद पूर्ण होती, म्हणून घरच्यांना हा पॅरालिसिस वाटतच नव्हता. पण चक्कर आणि उचकी थांबत नव्हती, डावी पापणी उतरली होती, आणि डाव्या गालाला व उजव्या हातापायाला गरम-गार कळत नव्हतं. एमआरआयमध्ये लंबमज्जेच्या, म्हणजे मेंदूच्या देठाच्या सगळ्यात खालच्या भागाच्या, डाव्या कडेला छोटासा डाग दिसत होता.

जागा छोटी असली तरी तिथली दाटी मोठी आहे. घशातून येणारी संवेदना तिथे पोचते, घसा आणि स्वरयंत्र हलवणाऱ्या पेशी तिथे असतात, आणि श्वासाची लय धरणारा पेशीसमूहही शेजारीच. (1991 मध्ये उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूत तो सापडला.) घोट घशात उतरताना श्वास अर्धा ते एक सेकंद थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, स्वरतंतू मिटतात, अन्ननलिकेचं तोंड उघडतं, आणि मग बहुतेक वेळा उच्छ्‌वास सुरू होतो. हा क्रम लंबमज्जेत बांधलेला आहे. गिळण्याच्या केंद्राचे दोन अर्धे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एका बाजूचा डागही सुरुवातीला दोन्हीकडचं गिळणं बिघडवू शकतो.

चहानंतर त्या गृहस्थांना "आ" म्हणायला लावलं. आवाज ओला, गुळगुळ करणारा. ऑक्सिमीटर 97 वरून 93 वर आला होता. "खोकून दाखवा" म्हटल्यावर मात्र ते व्यवस्थित खोकले. फसगत होते ती इथेच. सांगून केलेल्या खोकल्याचा हुकूम वरून, मोठ्या मेंदूतून येतो. ठसका लागायला आधी स्वरयंत्राने 'काहीतरी आलंय' ही खबर लंबमज्जेला द्यावी लागते. घशाला चमचा लावून उमासा येतोय का ते बघण्यावरही विसंबू नये. उमासा असूनही घोट श्वासनलिकेत जातो, आणि निरोगी माणसांतही काहींना उमासा येत नाही.

दुपारी नाकातून दुर्बीण घातली. उजव्या बाजूला टोक लावताच स्वरतंतू मिटले; डावीकडे लावलं, काहीच नाही. हिरवा खाद्यरंग घातलेलं 5 मिली दूध दिलं. ते घशातल्या डावीकडच्या खळग्यात साचलं, काठावरून सांडलं आणि स्वरतंतूंच्या खाली उतरलं. रुग्ण शांत. पडद्यावर हिरवी रेघ बघून त्यांच्या पत्नी रडायला लागल्या. त्यांना सांगितलं, चूक तुमची नाही, घसा गप्प होता.

मग मान डावीकडे, म्हणजे कमजोर बाजूला वळवून तेच 5 मिली घट्टसर करून दिलं. डावा खळगा दाबला गेला, घास उजवीकडून उतरला, मागे थोडंसंच उरलं. नातेवाईक हमखास उलटं करतात, मान चांगल्या बाजूला वळवतात आणि बिघडलेली वाट मोकळी करून देतात.

तरी पोट त्यावर भरणार नव्हतं. रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, ठेवली. नळीतून फीड देताना आणि नंतर तासभर पाठ 30 ते 45 अंश उंच. तोंड दिवसातून तीनदा स्वच्छ, कारण नळी असली तरी लाळ खाली उतरतेच आणि तोंडातले जंतू फुफ्फुसात नेते. रात्री ऑक्सिमीटर काढू नका, असं सिस्टरना बजावलं: या जागेच्या स्ट्रोकमध्ये जागेपणी नीट चालणारा श्वास झोपेत थांबू शकतो.

व्यायामाचा क्रम त्यांना पाठच करायला लावला. श्वास घ्या, धरा, धरूनच गिळा, लगेच खोका, श्वास न घेता पुन्हा गिळा. शेवटची पायरी लोक विसरतात. खोकल्याने वर आलेलं दुसऱ्यांदा गिळलं नाही तर पुढच्या श्वासाबरोबर ते आत जातं.

चौथ्या आठवड्यात दुर्बिणीत डावी बाजू थोडी मिटताना दिसली आणि पातळ पाण्याला पहिला ठसका लागला. घरचे घाबरले, आम्हाला हायसं वाटलं. काही दिवसांनी नळी काढली. मऊ भात, दाट वरण सुरू केलं. चहा मात्र घट्ट करूनच, चमच्याने, मान डावीकडे वळवून.