तुम्ही विचारलेत म्हणून: युनियन, घाडी आणि करणी

युनियनच्या सभांना जाणारी, मालकांशी भांडणारी गिरणगावातली माणसे घरात दुखणे आले की घाड्याकडे आणि देवऋष्याकडे कशी जात होती? माझे बालपण लालबागच्या चाळीत गेले हे कळले की हा प्रश्न येतोच, आणि 'अडाणी' हा शब्द कोणी उच्चारला नाही तरी तो मला ऐकू येतो.

तळकोकणातून आलेल्या माणसाचे मुंबईत बिऱ्हाड होते, पण घर गावीच होते. नोकरी गेली, मूल दगावले, तर गावचा घाडी देवापुढे गाऱ्हाणे घालून कारण शोधी आणि ते बहुधा आपल्याच देण्यात सापडे: राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचा, नारळ चुकला, भावाचा वाटा दाबला, मूळ घरातला दिवा बंद पडला. देणे फेडता येते, म्हणून त्या उत्तरात माणसाला काहीतरी करता येत होते. डॉक्टर रोगाचे नाव सांगत. तो आमच्याच घरी का आला, हे सांगणे त्यांचे काम नव्हते.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते आणि साचेखात्यातले, म्हणजे गिरणीच्या विणकाम खात्यातले, माझे वडील त्यांतलेच एक. संपाच्या दुसऱ्या वर्षी थोरल्या भावाला क्षय झाला. वडिलांनी एसटीच्या भाड्यासाठी उसने पैसे काढले, गावी जाऊन राखणदाराला कोंबडा आणि नारळ दिला, पण भावाचा खोकला थांबला नाही. मग शेजारच्या गल्लीतला एक देवऋषी आणला गेला. तो आमच्या गावचा नव्हता. आमची जमीन, आमचे भाऊबंद, आमचा देव त्याला ठाऊक नव्हता, म्हणून त्याने चाळीतच कारण शोधले. सुपातले तांदूळ न्याहाळून तो म्हणाला, "दाराला दार लागून राहणाऱ्या विधवेची करणी आहे."

तशी एकच बाई होती. साताऱ्याकडची, खाणावळ चालवणारी, आणि संप सुरू झाल्यापासून आमचे जेवण वहीत मांडून ठेवणारी, पण पैसे कधी न मागणारी. आठवड्याभरात तिचे जेवणारे कमी झाले. नळावर तिची हंडी मागे सरकवली जाऊ लागली. एका सकाळी तिच्या उंबऱ्यावर टाचण्या टोचलेले लिंबू होते; ते कोणी ठेवले हे मजल्यावर सगळ्यांना माहीत होते. ती आईला गॅलरीत गाठून म्हणाली, "वहिनी, तुमच्या पोराला मी भाकरी घातली, ती अशी बाधली का?" आई उत्तर न देता आत गेली. काही महिन्यांनी त्या बाईने खोली सोडली. कुठे गेली, हे कोणी विचारले नाही, आणि आम्ही तर मुळीच नाही.

भाऊ शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयातल्या औषधांनी बरा झाला. कॉलेजात असताना मी हे आईला ठासून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "औषध तर आधीपासून चालू होते. ती गेली आणि पोर उठले." क्षयाचे औषध अनेक महिने घ्यावे लागते, हे उत्तर तेव्हाही मला येत होते आणि आजही ते बरोबरच आहे, पण त्या वयातला मी आईला अंधश्रद्ध ठरवून जिंकलो असे समजत होतो, आणि पगार बंद झालेल्या घरात तिच्या हाती करण्यासारखे दुसरे काय उरले होते, हे मी विचारले नव्हते. मात्र तिची बाजू मांडताना त्या बाईचा उंबरा आठवतो, आणि मांडलेली बाजू मलाच अपुरी वाटते.

2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने, करणी करते म्हणून एखाद्या बाईचा असा छळ करणे गुन्हा ठरवले, आणि ते योग्यच झाले. तरीही मी दरवर्षी गावी जाऊन राखणदारापुढे नारळ ठेवतो. देवाचे देणे एकीकडे आणि शेजारणीवरचा आळ दुसरीकडे, अशी रेघ मी ओढतो. पण गावातही घाड्याच्या शब्दावरून भाऊ भावाचे तोंड पाहीनासे झालेले मी पाहिले आहेत, आणि आईच्या लेखी ही रेघ कधी नव्हतीच. ती कोणत्या आधारावर ओढतो, असे तुम्ही विचारलेत तर मला अजून सांगता येत नाही.