वारकऱ्याची शिकार

आज पहाटे बडोद्याहून डभोईमार्गे वढवाणा तलावावर गेलो होतो. बडोदे संस्थानाने १९१० साली बांधलेल्या आणि २०२१ पासून रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) असलेल्या या तलावावर हिवाळ्यात दूरदेशीचे हजारो पक्षी उतरतात, आणि त्यांच्याबरोबर दलदली भोवत्या हा शिकारी पक्षीही येतो.

त्याची मादी पाण्यालगत घिरट्या घालू लागताच विखुरलेले वारकरी एकमेकांना चिकटून पाणी उडवू लागले; परंतु बहुधा जायबंदी असलेला एक मागे राहिला, आणि काही क्षणांत तो तिच्या पंजाखाली होता. (‘वारकऱ्याची शिकार’ असे वहीत लिहिताना दांडियाबाजारातल्या आमच्या घरची आषाढी आठवून अंमळ संकोच वाटला, पण कपाळी पांढरा टिळा मिरवणाऱ्या या काळ्या पाणपक्ष्याचे मराठी नाव तेच आहे.)

तिने पंख पसरून शिकार झाकून घेतली आणि आधी केवळ पिसे उपटली. उडणारी पिसे टिपण्यासाठी शटरचा वेग १/१२५० ठेवला, तर काळ्या अंगामुळे कॅमेरा चित्र अकारण उजळ करू लागला, म्हणून एक्स्पोजर कमी करावे लागले. सोबतचे स्नेही बोरूच्या बेटातून पुढे सरकू पाहत होते. मी त्यांना थांबवले, कारण बिचकलेला शिकारी पक्षी भक्ष्य टाकून उडून जातो आणि त्याची सारी मेहनत वाया जाते. ते थोडे नाराज झाले.

सर्वांत आवडलेल्या छायाचित्रात तिच्या चोचीला एकच काळे पीस चिकटलेले आहे. क्षितिज मात्र तिरके आले आहे.