चौदा नंबरला चालीचे अकरा

चौदा नंबरच्या वळूला चालीसाठी वीसपैकी अकरा. बाकी दोन परीक्षकांनी त्याच चालीला अठरा आणि एकोणीस दिले होते. गेल्या जानेवारीपासून ते गुणपत्रक माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी मी ते काढून बघतो.

मी वर्धा जिल्ह्यात कारंजा तालुक्यात पशुवैद्यक आहे आणि गवळाऊ या देशी जातीच्या गाई पाळणाऱ्यांच्या एका छोट्या संघाचं सचिवपद माझ्याकडे आहे. वर्षातून एकदा आम्ही प्रदर्शन भरवतो. मंडप, चारा, पाण्याची टाकी, लसीकरणाचे दाखले ही कामं होऊन जातात. वर्षभर डोकं खातो तो एकच प्रश्न: परीक्षक कोण?

बाहेरच्याला वाटेल, जाणकार माणूस बोलवायचा, संपलं. पण प्रत्येक जाणकाराच्या डोळ्यात वेगळं जनावर असतं. दुग्धविकासात नोकरी केलेला साहेब आधी कास बघतो. ज्या गाईची जात पिढ्यान्‌पिढ्या पळण्यासाठी आणि गाडीसाठी निवडली गेली, तिला तो जर्सीच्या मापाने मोजतो. शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, शौकीन लांब पायांवर भाळतो. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना कायम मोकळीक दिल्यापासून अशी मंडळी समितीत जोरात आहेत, आणि त्यांना आपलाच माणूस परीक्षक हवा असतो. महाविद्यालयातले प्राध्यापक प्रमाणित लक्षणं तोंडपाठ म्हणतात: लांब निमुळतं तोंड, मागे झुकलेलं कपाळ, बदामी डोळे, आखूड बोथट शिंगं, सैल पातळ कातडी. सगळं बरोबर. पण काचेने खरवडून तेल पाजलेलं शिंग आणि मूळचं शिंग यातला फरक त्यांना दाखवून द्यावा लागतो. रात्रीची धार न काढता आणलेली तट्ट कास, अंगाला लावलेली नीळ, हे ओळखायला गोठ्यात आयुष्य जावं लागतं.

आणि गोठ्यात आयुष्य गेलेला माणूस म्हटला की तो कुणाचा तरी मामा, कुणाचा तरी व्याही. आमच्या तीन तालुक्यांत गवळाऊ पाळणारी घरं राहिलीत किती! सरकारी दवाखान्यांतून वर्षानुवर्षं संकराचं रेतन झालं, जंगलातली चराई आटली, २०१४ मध्ये बोर व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हापासून तर गवळ्यांचे कळप आणखी आक्रसले. जे उरले ते सगळे एकमेकांचे सोयरे. बिननात्याचा परीक्षक शोधायचा तर जिल्ह्याबाहेर जावं लागतं, आणि तिथल्या माणसाने गवळाऊ पाहिलेलीच नसते.

माझा नागपूरचा एक वर्गमित्र जर्मन शेफर्ड पाळतो आणि त्यांच्या क्लबच्या कामात असतो. त्याच्याकडे मी रडलो. तो म्हणाला, आमच्याकडेही हेच, म्हणून आम्ही परीक्षक लांबून आणतो, कधी थेट जर्मनीहून. एफसीआय, म्हणजे १९११ साली स्थापन झालेला श्वानसंघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, त्याचे परीक्षकांसाठीचे नियम त्याने मला पाठवले. दोन नियम फार आवडले. परीक्षण होण्याआधी किंवा होत असताना परीक्षकाने प्रदर्शनाची यादी बघायची नाही. आणि जो कुत्रा मागच्या सहा महिन्यांत त्याच्या मालकीचा होता, त्याने सांभाळला किंवा विकला, त्याचं परीक्षण त्याने करायचं नाही.

मी दोन्ही नियम उचलले. जनावराच्या गळ्यात फक्त नंबर. परीक्षकांकडून लेखी हमी: माझं किंवा माझ्या घरच्यांचं जनावर प्रदर्शनात नाही, सहा महिन्यांत असं कुठलंही जनावर मी विकलेलं नाही. मालक दिसू नये म्हणून दोर विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचं ठरवलं, तो बेत मात्र पहिल्या दहा मिनिटांत मोडला. गवळाऊ सांड अनोळखी हाताला उभा राहत नाही. सहा नंबरने एका पोराला बांबूच्या कठड्यावर दाबलं. नशिबाने खरचटण्यावर निभावलं. दोर परत मालकांच्या हाती गेले.

परीक्षक तीन. पशुसंवर्धनातले एक निवृत्त अधिकारी, एक प्राध्यापक, आणि तिसरे आबाजी. आबाजींच्या नावावरून समितीत दोन तास भांडण झालं. एका सदस्याला त्या जागी तालुक्याच्या पुढाऱ्याचा भाऊ हवा होता, कारण मग मंडपाचा खर्च निघाला असता. ज्याला गोऱ्ह्याचे दात बघता येत नाहीत अशा माणसाला मी गुणपत्रक देणार नाही, असं मी म्हणालो, आणि ते मी आजही म्हणेन. आबाजींचं वय पंचाहत्तरच्या पुढे. जंगलकाठी कळप राखण्यात जन्म गेलेला. आता चारच गाई उरल्यात. त्यांनी हमीपत्र दोनदा वाचून घेतलं आणि सही केली.

आमचं गुणपत्रक शंभराचं. डोकं आणि चेहऱ्याला पंचवीस, शरीराला तीस, पाय आणि खुरांना पंधरा, चालीला वीस, रंग आणि कातडीला दहा. चालीचे गुण मी भांडून वाढवून घेतलेत, कारण ही जात चालीत आहे. चांगला गवळाऊ दुडक्या चालीने निघाला की मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशात पडतो, पाठ हलत नाही, मान वर, कान टवकारलेले. अंगात ओझं आहे असं वाटतच नाही.

चौदा नंबर तसा चालला. चार दाती, पांढरा, मानेवर आणि वशिंडावर राखाडी झाक. त्याचा मालक तिशीचा पोरगा, संत्र्याची थोडी बाग, बाकी कपाशी. त्याने दुडकी धरली आणि कडेची माणसं बोलायची थांबली. मी आखाड्याच्या मधोमध होतो. आबाजींकडे बघितलं तर ते खाली मातीकडे बघत होते. मला वाटलं, ठसे बघताहेत.

बेरीज मीच केली. चौदाला ८४, ८६ आणि ७१, एकूण २४१. नऊ नंबरला ८२, ८१ आणि ८३, एकूण २४६. पहिला नंबर नऊला गेला. नऊ वाईट नव्हता, पण कडेच्या माणसांत कुजबुज झालीच. चौदाच्या मालकाने दुसरं बक्षीस घेतलं, वळूच्या पाठीवरून हात फिरवला आणि टेम्पो आणायला गेला.

संध्याकाळी मंडप उतरत असताना आबाजींना चहा देताना मी विचारलं, आबाजी, चालीला अकराच?

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, थो माह्या घरचा गोऱ्हा हाय. डाव्या खांद्यावरचा भोवरा पायला ना, तवाच समजलं. आठ महिन्यांचा असतानी बजारात दलालाले देल्ला व्हता. माय अजून माह्या दावणीले हाय."

मी म्हणालो, मग तेव्हाच सांगायचं होतं, आम्ही तुम्हाला त्या वर्गातून बाजूला बसवलं असतं.

"कागदावर सहा महिने लिवलं हाय. मले त्याले इकून दोन वर्सं झाली. मी काऊन सांगू? पन म्या इचार केला, उद्या भोवरा आनखी कोनी वळखला त लोकं म्हनतीन, आबाजीनं आपल्या घरचं वासरू पयलं काढलं. म्हनून हात आखडता घेतला."

हात आखडता घेतला, आणि तोही चालीत. जिथे तो सगळ्यात उजवा होता तिथेच, कारण तिथे सगळ्यांचे डोळे होते.

मी निकाल बदलला नाही. बक्षिसं वाटून झाली होती, अधिकारी निघून गेले होते, आणि बदलायचा तर कारण सांगावं लागलं असतं. ते सांगितलं असतं तर आबाजींना पुन्हा त्या मैदानात पाय ठेवता आला नसता. पण याची किंमत त्या पोराने भरली. आमच्याकडे पहिल्या नंबरच्या वळूकडे वर्षभर गाई भरवायला आणतात, दुसऱ्याचं नाव पोळ्यापर्यंतही कुणाला आठवत नाही. या हंगामात नऊकडे गाई गेल्या. म्हणजे पुढची वासरं नऊची होणार. पाच गुणांचा फरक कळपात उतरतो, आणि आमचा कळप एवढासा आहे की तो दिसतो.

आपलं जनावर उचलून धरणाऱ्या परीक्षकाला अडवायला मी नियम केला होता. आपलं म्हणून कुणी त्याला खाली ढकलेल, हे मला सुचलं नव्हतं. सहा महिन्यांचे तीन वर्षं करू का? मग माणूस उरत नाही. भोवऱ्यावरून जनावर ओळखणाऱ्याला मुदत लागूच कशी करायची? आणि भोवरा न ओळखणारा परीक्षक मला नको आहे.

आणखी एक गोष्ट मला जास्त छळते. आमच्या नोंदवहीत बहुतेक वळूंच्या आईचा रकाना रिकामा आहे. बाजारातून घेतलेल्या जनावराची आई कोण सांगणार? चौदाची आई मला आता माहीत आहे, ती जिवंत आहे, मी तिला जाऊन पाहून आलो. पोक्त गाय, वशिंड एका अंगाला कललेलं, डोळे तसेच बदामी. जात टिकवायची म्हणणाऱ्या माणसासाठी ही नोंद सोन्यासारखी आहे, आणि ती केली तर वळूची किंमतही वाढेल. पण रकान्यात गाय लिहायची तर मालक लिहावा लागतो. मालक लिहिला की त्याच वर्षीचं गुणपत्रक कोणीही शेजारी ठेवून वाचेल.

गेल्या आठवड्यात तो पोरगा यंदाची नोंदणी करायला आला. वळू आता सहा दाती झालाय. पावती फाडताना त्याने विचारलं, "डॉक्टरसाहेब, यंदा परीक्षक कोन हायेत?" दोन नावं मी सांगितली, तिसरं ठरायचंय म्हणालो.

"आबाजीलेच बलवा," तो म्हणाला. "त्यायनं मले चालीत कमी देल्ले, म्हनजे काहीतरी पायलंच असन. वर्सभर मी त्याले रोज सकाळी रस्त्यानं चालवतो."

मी त्याला पावती दिली. नोंदवहीत त्याच्या वळूच्या ओळीवर आईच्या रकान्यात मी पेन्सिलीने आबाजींच्या गावाचं पहिलं अक्षर लिहून ठेवलंय. शाईने अजून लिहिलेलं नाही.