आमची वाटचाल : बेटांवरच्या टपऱ्या आणि खानावळी

आमची कंपनी लहान आहे. गिरगावात पहिल्या मजल्यावर दोन टेबलांचं ऑफिस, त्यात मी, माझा नवरा आणि हिशेब बघणारी एक मुलगी. सहलींवर जाणारे टूर मॅनेजर वेगळे. आम्ही फक्त बेटांच्या सहली काढतो: अंदमान, श्रीलंका, मॉरिशस, फुकेत, बाली आणि मागणी आली तर मालदीव. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत हॉटेलांपेक्षा जास्त जागा खाण्याला असते. कुठल्या गल्लीतल्या कुठल्या टपरीवर, किती वाजता, काय खायचं हे आम्ही छापून देतो, आणि आता लोक त्यासाठीच आमच्याकडे येतात.

सुरुवात केली तेव्हा असं काही डोक्यात नव्हतं. फोर्टमधल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत मी विमानाची तिकिटं काढायचे. तिथून बाहेर पडून पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी स्वतःचं काम सुरू केलं. त्या काळात मराठी सहलीचं जेवण ठरलेलं होतं. सोबत आचारी, संध्याकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये वरण-भात, बटाट्याची भाजी, एखाद्या रात्री श्रीखंड-पुरी. या पद्धतीबद्दल मला आदर आहे. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या कितीतरी आजी-आजोबांना त्या वरण-भातानेच धीर दिला. पण आचारी परवडण्याइतके पैसे आमच्याकडे नव्हते, आणि बसमधून दिसणाऱ्या टपऱ्यांसमोर स्थानिक माणसं ताटल्या घेऊन उभी असताना आपली माणसं काचेआड बसून पुढे जायची, याचं मला मनापासून वाईट वाटायचं. लाटा बघायला एवढ्या लांब यायचं आणि त्या लाटांवरून आलेली मासळी चाखायचीच नाही?

पहिलं बेट अंदमान. सेल्युलर जेल आणि सावरकरांची कोठडी बघायला मराठी माणूस तिथे आधीपासून जात होता, त्यामुळे गट जमवायला फार कष्ट पडले नाहीत. खाण्याची खरी सुरुवात झाली ती जिरकाटांगच्या चेकपोस्टवर. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांकडे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो आणि तिथे गाड्या ताफ्यानेच सोडतात. पहिला ताफा सकाळी सहाचा, म्हणून पोर्ट ब्लेअर पहाटे तीन-साडेतीनलाच सोडावं लागतं. त्या दिवशी हॉटेलवाले पाकिटात नाश्ता देतात: गार ब्रेड, जॅमची पुडी, एक केळं. आम्ही ते पाकीट घेणं बंद केलं. चेकपोस्टपाशी गाड्या रांगेत लागतात तेव्हा मिट्ट काळोख असतो आणि टपऱ्यांवर कढया तापलेल्या असतात. झाऱ्यावरून थेट ताटलीत आलेली पुरी, वर तर्री आलेला बटाट्याचा रस्सा, शेजारी उकळता चहा. आमच्याकडच्या एक काकू, ज्यांनी घरून निघताना चार दिवसांचे ठेपले बांधून घेतले होते, त्यांनी तिथे पुऱ्या दुसऱ्यांदा मागून घेतल्या. पुढच्या रस्त्यावर गाडी थांबवायला, फोटो काढायला आणि जारवांना खायला काहीही द्यायला कायद्याने बंदी आहे. खायचं ते इथेच संपवायचं आणि उरलेलं बॅगेत बंद करायचं, हे आमचा मॅनेजर गाडीत चढताना प्रत्येकाला बजावतो. यात आम्ही कधीच सूट देत नाही.

हॅवलॉक आणि नील या बेटांची नावं 2018 मध्ये स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली, 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. जेटीवरचे लोक अजून जुनीच नावं घेतात. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने या बेटांवर जमिनी देऊन वसवलं, म्हणून इथल्या बाजारातल्या खानावळींचं स्वयंपाकघर बंगाली आहे. मोहरी वाटून केलेलं मासळीचं कालवण, पातळ मसुराची डाळ, बटाट्याचे कुरकुरीत काप आणि भाताचा ढीग. नीलवर भाजीही भरपूर पिकते आणि तिथून बोटीने राजधानीला जाते, त्यामुळे शाकाहारी पान तिथे जास्त चांगलं मिळतं. मेन्यूकार्ड आम्ही मागत नाही. ‘आज काय आलंय?’ एवढंच विचारायचं. पापलेट आणि सुरमईच्या पलीकडे न गेलेल्या गिरगावकरांनी तिथे रेड स्नॅपर, म्हणजे आपली तांबोशी, बोटं चाटून खाल्ली आहे.

इथेच आमच्या धंद्याचा एक नियम ठरला. सहलीच्या व्यवसायात खाण्यावर कमिशन चालतं. ड्रायव्हर बस ज्या मोठ्या रेस्टॉरंटपुढे थांबवतो तिथे त्याचं जेवण फुकट, आणि माणशी काही रक्कम त्याला किंवा एजंटला मिळते. टपरीवाला हे देऊ शकत नाही, म्हणून बस टपरीपुढे थांबत नाही. आम्ही ठरवलं, खाण्यावर कमिशन घ्यायचं नाही आणि कुणाला द्यायचंही नाही. ड्रायव्हरला जेवणाचा रोख भत्ता वेगळा द्यायचा आणि आमच्याच टेबलावर बसवायचं. यामुळे काही एजंट आमच्यापासून दुरावले. पण ड्रायव्हर मंडळीच आमची सगळ्यात मोठी वाटाडी ठरली, कारण चांगलं आणि स्वस्त कुठे मिळतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

आमची कंपनी घडवली मात्र मॉरिशसने. मुंबईहून थेट विमानाने साधारण सहा तास. तिथे उसाच्या मळ्यांवर 1834 पासून भारतातून करारावर मजूर गेले, त्यात आपल्या कोकणातलीही माणसं होती. त्यांच्या वंशजांचा मराठी समाज तिथे आजही आहे आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. पोर्ट लुईच्या बंदरावर हे मजूर जिथे उतरले ते आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसास्थळ आहे. सकाळी घाट बघायचा आणि तिथून चालत सेंट्रल मार्केटला जायचं, असा आमचा क्रम आहे. ज्या माणसांनी हे खाणं तिकडे नेलं त्यांची पायवाट आधी बघावी, मग ताटलीला हात लावावा, असं मला वाटतं.

मॉरिशसची दालपुरी हा तिथला रोजचा पोटभरीचा नाश्ता. पिवळ्या वाटाण्याची डाळ हळद घालून शिजवतात, पण गाळ होऊ देत नाहीत. निथळून तिची कोरडी पूड करतात, त्यात जिरं घालतात आणि डाळीचं पाणी मैदा भिजवायला वापरतात. ही पूड उंड्यात भरून पुरणपोळीसारखी लाटायची, फक्त त्याहून पातळ, आणि तेलाच्या हाताने मोठ्या तव्यावर भाजायची. विकतात जोडीने. टपरीवरचा माणूस एका हाताने दोन पुऱ्या कागदावर पसरतो, दुसऱ्या हाताने पांढऱ्या मोठ्या घेवड्याची उसळ, रुगाय म्हणजे टोमॅटोचा घट्ट रस्सा, आणि कोथिंबिरीची चटणी लावतो, ‘पिमां?’ म्हणून मिरचीचं विचारतो आणि उत्तर यायच्या आत गुंडाळी हातात देतो. उभ्यानेच खायची. रोझ हिलमधलं ‘देवा अँड सन्स’ यासाठी देशभर ओळखलं जातं, पण गावोगावी सायकलवर काचेची पेटी बांधून विकणारेही तितकेच चांगले आहेत. दुपार कलली की माल संपतो, म्हणून ज्या दिवशी दालपुरी त्या दिवशी हॉटेलचा बुफे नाश्ता नाही, असं आम्ही सहलीच्या आधीच्या बैठकीत सांगून ठेवतो.

त्याच मार्केटात दूध, सब्जा आणि आगर-आगरच्या शेवया घातलेला गार आलुदा मिळतो. सोमवारी माहेबूरचा आठवडी बाजार भरतो, तिथे डाळीचे तिखट वडे, गातो पिमां, गरम असताना लोणी लावलेल्या पावात घालून खातात. समुद्रकिनाऱ्यावर अननस सोलून, वर मीठ-मिरची लावून देतात. या सगळ्यात सामिष काहीच नाही, आणि आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट आहे.

कारण शाकाहारी माणसाला बेटावर जपावं लागतं. श्रीलंकेत पोळ सांबोल ही नारळाची चटणी दिसायला अगदी निर्दोष, पण तिच्यात बहुधा उंबलकड, म्हणजे वाळवलेल्या टूनाचा चुरा असतो. तो भाज्यांतही पडतो. बालीच्या वारुंगमधल्या, म्हणजे छोट्या खानावळींतल्या, सांबलात (मिरचीच्या चटणीत) तेरासी असते, कोळंबीची आंबवलेली पेस्ट. थायलंडमध्ये फिश सॉस. ‘व्हेज आहे का?’ या प्रश्नाला सगळीकडे हसून ‘हो’ येतं, म्हणून आमचे मॅनेजर नाव घेऊन विचारतात: उंबलकड आहे का, तेरासी आहे का. कोलंबोत वेल्लवट्टा भागात तमिळ मंडळींची सैव, म्हणजे शुद्ध शाकाहारी, हॉटेलं आहेत, तिथे निर्धास्त जेवावं. मासे खाणाऱ्यांना आम्ही संध्याकाळी गॉल फेसच्या मैदानावर नेतो. डाळीच्या वड्यावर अख्खी कोळंबी चिकटवून तळलेले इस्सो वडे, समोर हिंदी महासागर.

फुकेतमध्ये तर एक सुंदर योग आहे. तिथल्या चिनी वंशाच्या लोकांचा नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव बहुतेक वेळा आपल्या नवरात्राच्या आसपासच येतो. ज्या गाड्यांवर पिवळं निशाण आणि त्यावर लाल अक्षरं असतात, तिथे मांस, मासे, अंडी, दूध यातलं काहीही नसतं, कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्या, रस्त्यावरचं कधीच न खाल्लेल्या बायकांना तिथे एका गाडीवरून दुसरीकडे हौसेने जाताना मी पाहिलं आहे. नवरात्रातली ही सहल आता आम्ही आवर्जून काढतो.

2020 च्या मार्चमध्ये सगळं थांबलं. ॲडव्हान्स परत केले, दागिने गहाण पडले, जागामालक भाड्यासाठी थांबले. या व्यवसायातल्या प्रत्येकाने ते दिवस काढले आहेत, म्हणून जास्त लिहीत नाही. 2022 मध्ये श्रीलंकेत गॅस आणि इंधन मिळेनासं झालं तेव्हा मात्र जीव तुटला. दक्षिण किनाऱ्यावर संध्याकाळी आप्पे करणारी आमची एक ताई आहे. आप्पे म्हणजे तिकडचं तांदळाचं, कडा जाळीदार आणि मधे लुसलुशीत असं धिरडं. तिने गॅस नाही म्हणून मागच्या अंगणात चूल मांडली आणि गिऱ्हाईक नसतानाही रोज दोन-चार आप्पे करून पीठ चालू ठेवलं. सहली पुन्हा सुरू झाल्या तेव्हा आमच्या पहिल्या गटाचं पहिलं जेवण तिच्याकडेच ठेवलं होतं.

गट आम्ही मुद्दाम लहान ठेवतो. पन्नास माणसं एकदम उतरली की टपरीवाला घाबरतो, चव बदलतो, आणि त्याच्या रोजच्या गिऱ्हाइकांना परत जावं लागतं. लोक विचारतात, पोट बिघडलं तर? आमचे नियम सोपे आहेत. डोळ्यांसमोर तव्यावरून किंवा कढईतून उतरेल तेच खायचं, पाणी सीलबंद, कापून ठेवलेलं फळ नको, आणि स्थानिक लोक ज्या वेळी खातात त्याच वेळी जायचं, म्हणजे माल ताजा असतो. मधुमेह असलेल्यांसाठी वेळा वेगळ्या लावतो. हे पाळल्यावर काळजीचं फारसं कारण उरत नाही.

आता पुढचं बेट रॉड्रिग्ज. मॉरिशसहून आणखी दीडेक तासाचं विमान. शनिवारी पोर्ट मॅथुरिनला बाजार भरतो, लिंबू-मिरचीची लोणची आणि मध घेऊन बायका बसतात, किनाऱ्यावर ऑक्टोपस काठ्यांवर वाळत घातलेले असतात. ऑक्टोपसची वीण वाचावी म्हणून तिथे 2012 पासून ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान दोनेक महिने तो पकडायला बंदी असते. म्हणून पहिली सहल दिवाळीनंतर ठेवली आहे. शनिवार गाठता यावा अशा बेताने तिकिटं बघतोय, आणि नावनोंदणी गिरगावच्या ऑफिसात सुरू झाली आहे.